क्लच झिजलेला, रेस कोरी

जुनी गाडी बघायला कुणी नेलं, की मीटरमामा सगळ्यात आधी खिशातला रुमाल काढत आणि गाडीच्या मीटरवर टाकत. आकडा आधी डोळ्यांत शिरला तर हात, पाय आणि नाक कामाला नकार देतात, असं त्यांचं म्हणणं. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून दोनदा बूड हलवत, खिडकीच्या काठावर कोपर टेकून बघत, गिअरचा दांडा मुठीत धरत, खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पेडलांची रबरं न्याहाळत आणि शेवटी बॉनेट उघडून आतला वास घेत. एवढं झालं की डोळे मिटून आकडा सांगत. त्यानंतर रुमाल उचलायचा. आकडा जुळला तर मामा म्हणत, गाडी खरं बोलते आहे. नाही जुळला तरी तेच म्हणत, आणि पुढे जोडत की खोटं कोण बोलतंय ते मालकाने बघावं.

हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग गॅरेजात इंजिनं खोलणारा हात, असं करत करत त्यांच्या आयुष्याची पन्नास वर्षं तेलात भिजली होती. आता पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर एक बाक होता, त्यावर ते सकाळी येऊन बसत. पावसापाण्याने त्या बाकाचा रंग उडाला होता, आणि ज्या जागी मामा बसत तेवढीच जागा बशीसारखी गुळगुळीत झाली होती. आसपासच्या चार वस्त्यांत कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली, तर पैसे जमवायच्या आधी माणूस त्या बाकापर्यंत येई. मामा ह्याबद्दल काही घेत नसत. चहा मात्र दोन वेळा लागे, आणि दुसरा गरम.

‘किती चालली?’ असं कुणी विचारलं की मामा चिडत. ते म्हणत, किती चालली हे विचारू नका, कशी चालली ते विचारा. डिझेल गाडी दोन लाख किलोमीटर झालेली असली तरी नाक मुरडायचं कारण नाही. सकाळी निघाली, मोकळ्या रस्त्याला लागली, संध्याकाळी पोचली, वाटेत तिला कुणी टोकलं नाही, तर ती शेतात राबलेल्या गड्यासारखी काटक असते. तिला खरा रोग लागतो तो उभं राहण्याचा. उलट पेट्रोल गाडी बघा. डॉक्टरने दिवसात वीसदा चालू केली, वीसदा बंद केली, इंजिनाच्या पोटात ऊब यायच्या आत पुन्हा झोपवली. तिच्या मीटरवर साठ हजार असले तरी आतून ती खोकणारी म्हातारी. एका हेडक्लार्कने मामांचा सल्ला मोडून दोन लाखांची डिझेल सोडली आणि असलीच साठ हजारांची पेट्रोल घेतली. तेव्हापासून हेडक्लार्क कचेरीत वेळेवर पोचतो, कारण तो चालत निघतो.

मामी म्हणायच्या, ह्यांना गाडी आणि माणूस ह्यांतला फरक कळत नाही. पाहुणे आले की मामांचं लक्ष आधी दारातल्या चपलांच्या टाचांकडे. एकदा मामींच्या तिन्ही बहिणी घरी असताना त्यांनी बायकोचं वय सालासकट बिनचूक सांगितलं, आणि त्यानंतर दोन दिवस मामांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागला. तिसऱ्या दिवशी मामा बाकावर म्हणाले की बायकोचं मीटर पहिल्या दिवसापासूनच मागे आहे, पण इंजिन फार चांगलं. हेही मामींपर्यंत पोचलंच.

अशा मामांना त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, एके मंगळवारी बोलावून घेतलं. आक्काच्या मुलीला काम मिळालं होतं. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे, थंड पेटीत ठेवायचे आणि दोन तासांच्या आत तपासणीच्या लॅबमध्ये पोचवायचे. घरं लांब लांब विखुरलेली. अट एकच होती, स्वतःची चारचाकी गाडी हवी, दुचाकी चालणार नाही. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता गाडी दारात उभी नसेल तर काम दुसरीला जाणार, आणि ती दुसरी कोण तेही ठरलेलं होतं. भाची दोन वर्षं घरी बसली होती. तिने एक लहानशी पेट्रोल गाडी हेरून ठेवली होती, जाऊन चार वेळा बघून आली होती आणि तिच्यात तिचा जीव अडकला होता. पण आक्काने ठणकावून सांगितलं होतं, मामा हो म्हणेल तीच गाडी दारात येईल.

गाडी होती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची. घड्याळजी जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची बायको, जिला सगळे घड्याळजीबाई म्हणत, सत्तरीची, ताठ, कमी बोलणारी. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही एकाच वेळी टोल देत. अंगणात पत्र्याच्या छपराखाली ती निळी गाडी उभी होती. पलीकडे छातीइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसलेले गिरणीवाले. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभं राहून त्यांचे कान गेले होते.

मामांनी रुमाल टाकला आणि सीटवर बसले. सीट खचलेली. बूड टेकताच त्यांच्या कपाळावर पहिली आठी पडली. स्टिअरिंगचं वेष्टण दोन्ही हातांच्या जागी घासून काचेसारखं चकाकत होतं. गिअरच्या मुठीवरचे आकडे पार पुसले गेले होते. क्लचच्या रबरावर एक रेघ उरली नव्हती, ब्रेकचं रबर कडेला कुरतडल्यासारखं. बॉनेट उघडलं तर इंजिन स्वच्छ, आवाज मंजूळ, धूर नाही. भाची आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पण मामांच्या डोक्यात गाडी एकदा म्हातारी ठरली होती, त्यामुळे आता तिच्यातली प्रत्येक चांगली गोष्ट त्यांना लबाडीच वाटू लागली. इंजिन एवढं चांगलं म्हणजे ते नक्कीच खोलून पुन्हा बसवलेलं. धूर नाही म्हणजे तो कुठेतरी लपवलेला.

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “एक लाख ऐंशी हजार.” रुमाल उचलला. मीटरवर होते एकतीस हजार चारशे.

भाचीचा चेहरा पडला. मामांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आपल्या नेहमीच्या हळू, शहाण्या आवाजात बोलले. “बाई, राग मानू नका. घड्याळजीचं घर. काटे मागेपुढे करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना मीटरचे चार आकडे फिरवणं म्हणजे हातचा मळ.”

घड्याळजीबाईंनी उघडं बॉनेट स्वतः खाली लावलं. मग म्हणाल्या, “ह्यांनी आयुष्यात एकही काटा मागे फिरवला नाही. घड्याळ पुढे गेलेलं असलं तर ते बंद करून ठेवायचे आणि खरी वेळ यायची वाट बघायचे. टोलाचं घड्याळ उलटं फिरवलं तर मोडतं.” आणि त्या आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं.

मामा हे सगळं कुजबुजल्यासारखं बोलले होते. पण ज्या गिरणीवाल्यांना दारावरची हाक ऐकू येत नसे, त्यांना नेमकं एवढंच ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत ते पानाच्या ठेल्यावर पोचलं, तिथून न्हाव्याकडे, आणि सकाळी गाडी बघायला येणारी दोन माणसं आलीच नाहीत. मीटरमामांनी सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. घड्याळजी भला माणूस म्हणून ओळखला जात होता, आता तेवढाच चलाख म्हणूनही ओळखला जाऊ लागला.

इकडे मामांनी भाचीसाठी गाड्यांचा सपाटा लावला. एक पेट्रोल गाडी अत्तराने एवढी दरवळत होती की मामा आत न शिरताच मागे फिरले, कारण एवढा वास लावायचा तर आत काय मेलं होतं हा प्रश्न होता. दुसरीच्या सीटवर कोरं कव्हर होतं आणि त्याखालून जुन्या सीटची स्प्रिंग मामांना अशा जागी लागली की त्यांनी आकडा ताडकन उठून उभ्यानेच सांगितला. एक डिझेल गाडी मात्र खरोखर चांगली निघाली असती. दोन लाख वीस हजार, सगळी मोकळ्या रस्त्याची, मालक औषधांचा फिरता विक्रेता. पण मीटरमामा ती बघायला निघालेत एवढं कळताच मालकाच्या शेजाऱ्याने ती तासभर आधीच उचलली. म्हणाला, मामा एवढ्या लांब येतात म्हणजे गाडीत काहीतरी असणारच.

शुक्रवार गेला. भाची आता मामांशी बोलत नव्हती, नुसती हो-नाही करत होती. आक्काने मामांना सांगितलं की पोरगी निळ्या गाडीचंच घेऊन बसली आहे, म्हणते मामांना न सांगता घेईन. त्यावर आक्काने तिला काय सुनावलं तेही सांगितलं. मामांनी मान डोलावली, पण चहा अर्धाच प्यायले.

शनिवारी सकाळी बाकाजवळ पाच-सहा जण जमले होते आणि मामा घड्याळजींच्या गाडीचीच गोष्ट सांगत होते. पंक्चरवाल्याकडे एक खटारा गाडी चाक बदलायला आली होती. मामांनी तिचं दार उघडून लोकांना वाकायला लावलं आणि टॉर्च मारला. हे बघा, म्हणाले, गाडी खरोखर चालली की पाय कसा बोलतो. डावीकडे क्लच, गुळगुळीत. मधे ब्रेक, गुळगुळीत. आणि उजवीकडे रेस, म्हणजे गाडीला वेग देणारं पेडल, तीही...

मामा थांबले. टॉर्च तसाच राहिला. त्या खटाऱ्याची रेस पार घासून गेली होती, रबराच्या आतलं लोखंड दिसत होतं. आणि मामांना निळ्या गाडीची रेस आठवली. तिच्या रबरावरच्या रेघा नांगराच्या तासासारख्या उभ्या होत्या, एकही मोडलेली नव्हती. ती त्यांनी बघितली होती. बघून बाजूला सारली होती. कुणी नवी बसवली म्हणावं, तर नुसती रेस बदलून क्लच तसाच ठेवणारा शहाणा त्यांनी अजून पाहिला नव्हता. मग उरलं काय, तर एक लाख ऐंशी हजार किलोमीटर रेस न देता चाललेली गाडी.

“मामा, पुढे?” कुणीतरी विचारलं.

मामांनी टॉर्च खिशात टाकला आणि दुसरा चहा न घेता स्कूटरला किक मारली. बाकावरच्या लोकांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मामा वाटेत आक्काच्या दारात थांबले आणि भाचीला म्हणाले, चप्पल घाल, चल. कुठे म्हणून तिने विचारलं.

“घड्याळजींचा उजवा पाय बघायला.”

मामांचं वय झालं, असं भाचीला वाटलं. पण ती मागे बसली.

घड्याळजीबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. त्यांनी मामांना या म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मामांनी गाडीचं दार उघडलं, ह्या वेळी रुमाल काढलाच नाही, सरळ वाकून तिन्ही पेडलं पुन्हा बघितली. मग पुढच्या चाकांजवळ उकिडवे बसले. टायरला एकाच जागी घासल्याचा चट्टा होता, आणि त्याखाली जमिनीत बशीएवढे दोन खळगे पडले होते, जागच्या जागी चाक वळवून वळवून पडावेत तसे. मामा उठले. गुडघे वाजले.

“बाई,” ते म्हणाले, “ह्या गाडीला रेस का दिली नाही कुणी?”

घड्याळजीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांच्याकडे गाडीबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ विचारलं होतं, हे पहिल्यांदाच.

मग त्यांनी सांगितलं. बारीक चक्रांत डोळे घालून घालून घड्याळजींची नजर गेली. गाडी घेतल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. डॉक्टरने सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. घड्याळजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार वाजता जाऊन गाडीत बसले, किल्ली अर्धी फिरवून स्टिअरिंग मोकळं केलं, इंजिन बंदच, आणि बायकोला हाक मारली, चल, जरा फिरून येऊ. त्या शेजारी जाऊन बसल्या. तेव्हापासून आठ वर्षं, रोज चार ते सहा. इंजिन तेवढं दर रविवारी गॅरेजवाला येऊन चालू करून जायचा, अजूनही येतो. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, वळणावर स्टिअरिंग फिरवायचं, समोर म्हैस आली की ब्रेक. म्हैस आली आहे हे तेच सांगायचे.

“आणि रेस?” मामांनी विचारलं.

“पहिल्या दिवशी दिली त्यांनी. दाबली आणि म्हणाले, शंभरवर गेलो. गाडी अंगणात उभी आहे हे मला दिसत होतं हो, पण त्यांचं तोंड बघितल्यावर भ्यायलेच मी. म्हटलं, असं पळवायची असेल तर मी इथेच उतरते. त्यानंतर कधी रेसवर पाय ठेवला नाही त्यांनी.”

मामांचा धंदा जागा झाला. रेस न देता गाडी पुढे जायची कशी, ते त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

“उतार असायचा.”

“सगळीकडे?”

“ह्यांना जिकडे जायचं असेल तिकडे उतारच असायचा.” बाईंनी शेंग सोलली. “पण फार हळू जायचो. एकदा समुद्रावर जायला निघालो, तर तीन महिने लागले.”

“पोचलात?” भाचीने विचारलं.

“पोचलो की. ओहोटी होती. मी काही उतरले नाही.”

आत सात घड्याळांनी अकराचे टोल दिले. सगळे संपेपर्यंत मामा उभेच होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताखालून अशी गाडी गेली होती, जिचा क्लच खरं बोलत होता आणि जिचं मीटरही खरंच बोलत होतं. हातापायांनी ती एक लाख ऐंशी हजार फिरली होती, चाकांनी एकतीस हजार चारशे. खोटं बोलणारं त्या अंगणात एकच माणूस उभं होतं, आणि त्याचे गुडघे दुखत होते.

माझं चुकलं, असं म्हणायची मामांना सवय नव्हती. ट्रक खड्ड्यात घातला तेव्हाही त्यांनी खड्डा चुकीच्या जागी आहे असंच म्हटलं होतं. ते आधी घसा खाकरले, मग इंजिनाचं कौतुक केलं, मग डिझेलपेक्षा पेट्रोल उभं राहिलेलं जरा बरं असतं हे सांगू लागले. भाची त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी मामांनी हात जोडले आणि ते दोन शब्द एकदाचे बाहेर काढले.

घड्याळजीबाईंनी मान हलवली. “मला बोललात ते मी सोडलं,” त्या म्हणाल्या. “पण भिंतीपलीकडे गेलेलं तुम्हीच परत आणा.”

भिंतीपलीकडे गिरणीवाले खुर्चीत बसले होते. मामा भिंतीशी गेले आणि म्हणाले की ह्या गाडीचं मीटर खरं आहे.

“पीठ?” गिरणीवाले म्हणाले. “आता दळत नाही मी.”

मामांनी आवाज चढवला. पीठ नाही, मीटर. माझं चुकलं म्हणून सांगतोय.

“रस्ता चुकलात? मग सरळ जा, वडाच्या झाडापासून डावीकडे.”

रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थांबला. त्याच्या मागे सायकलवाला थांबला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने चिमटा तोंडात धरला आणि कान दिले. मामांच्या कपाळाला घाम सुटला होता. हळू आवाजात शहाणपण सांगून ज्यांची पन्नास वर्षं गेली, त्यांनी दोन्ही हात भिंतीवर टेकले, छातीत हवा भरली आणि ट्रक चालवताना घाटातल्या वळणावर ओरडावं तसे ओरडले.

“घड्याळजींनी मीटर फिरवलेलं नाही. एकतीस हजार खरे आहेत. मीटरमामा चुकला.”

आवाज पानाच्या ठेल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथली दोन डोकी वळली. गिरणीवाल्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. ते खुर्चीतून उठून भिंतीजवळ आले.

“एकतीस हजारच?” ते म्हणाले. “अहो, मग मीच घेतो की. कधीपासून डोळा आहे माझा. विचारा बाईंना.”

भाची गाडीच्या दाराला धरून उभी होती. तिने दार आणखी घट्ट धरलं. मामांनी वळून घड्याळजीबाईंकडे बघितलं. ह्या अंगणात पुन्हा काही मागायचा हक्क त्यांनी मंगळवारीच घालवला होता. सोमवार परवावर आला होता.

घड्याळजीबाईंनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मग उठून घरात गेल्या, किल्ली घेऊन आल्या आणि ती भाचीच्या तळहातावर ठेवली.

“त्यांना सांगा, विकली,” त्या म्हणाल्या.

मामांनी पुन्हा भिंतीवर हात टेकले. घसा पार बसला होता, तरी त्यांनी तो एक शब्द असा ओरडून सांगितला, की गच्चीवरच्या बाईच्या तोंडातला चिमटा खाली पडला.

“टिकली?” गिरणीवाले म्हणाले. “टिकली नाही हो, गाडी विचारतोय मी.”